मातृवृक्षाची नवी मुळे

फळात बीच नसेल तर नवे झाड कसे करायचे? फांदीवरचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरायचा. विदर्भातले रोपवाटिकावाले जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरतात, तेच तंत्र. बिनबियांच्या नेव्हल संत्र्याला तर दुसरी वाटच नाही. (म्हणायचे संत्रे, पण ते आपल्या मोसंबीच्या कुळातले, टोकाला बेंबीसारखे इवलेसे दुसरे फळ.)

ब्राझीलच्या बाहियातून आलेले हे वाण अमेरिकी कृषिखात्याच्या विल्यम सॉन्डर्स यांनी वॉशिंग्टनमध्ये वाढवले. १८७३ मध्ये त्याची कलमे कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडच्या एलायझा टिबेट्स यांच्याकडे गेली. त्यांच्या झाडांच्या डोळ्यांतून बागाच्या बागा उभ्या राहिल्या.

त्यांतले एक झाड आजही उभे आहे. १९१८ च्या सुमारास बुंध्याशी सडून ते मरणपंथाला लागले होते. तेव्हा भोवती रोपे लावून त्यांचे शेंडे सडलेल्या भागाच्या वर, खोडाच्या सालीत बसवले. सांधे जुळले आणि म्हाताऱ्या झाडाला नवी मुळे मिळाली! १९५१ मध्ये पुन्हा तोच उपाय केला. यात वाण बदलले का? नाही. कलमी झाडाची मुळे पहिल्यापासून परक्याचीच असतात. वाण असते ते वरच्या फांद्यांत. आम्हाला वाटते, वर्गात कलम शिकवताना हा मुद्दा नेमका निसटतो.

आताचे संकट वेगळे आहे. ग्रीनिंग रोगाचे जिवाणू सिला नावाचा किडा पानांतून रसवाहिन्यांत सोडतो. तिथे मुळे बदलून भागत नाही. म्हणून २०१८ पासून हा मातृवृक्ष बारीक जाळीच्या आवरणात आहे.