जठरव्रण आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी

जठराच्या अथवा लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागाच्या अंतस्त्वचेला पडणारी खोल जखम पेप्टिक अल्सर या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत या विकाराचे खापर मानसिक ताण, तिखट आहार आणि आम्लाधिक्य यांवर फोडले जाई. जठरातील तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, असा तेव्हा दृढ समज होता. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी व्रण भरून येई. औषध थांबवले की तो बहुधा पुन्हा उद्भवे.

ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये जठराच्या ऊतीत वक्राकार जिवाणू आढळले. जेथे जिवाणू तेथे दाह, हेही त्यांनी नोंदवले. १९८१ मध्ये तरुण वैद्य बॅरी मार्शल त्यांच्या कामात सहभागी झाले. जिवाणूंचे संवर्धन मात्र साधेना, कारण नमुने दोन दिवसांनी टाकून दिले जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत ते पाच दिवस तसेच राहिले आणि जिवाणूंच्या वसाहती दिसू लागल्या. या योगायोगाची कथा वारंवार सांगितली जाते. तथापि वॉरेन यांच्या आधीच्या चिकाटीच्या नोंदींवाचून त्या नमुन्यांकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

तज्ज्ञांचा अविश्वास कायम होता. अखेर १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीद्वारे केलेल्या तपासणीत जठरदाह दिसून आला. त्यांना प्रत्यक्ष व्रण झाला नव्हता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. निरोगी जठरात हा जिवाणू दाह निर्माण करतो, एवढेच या प्रयोगाने दाखवले. जिवाणूचा नायनाट केल्यास व्रण सहसा उलटत नाही, हे पुढील रुग्णचाचण्यांनी सिद्ध केले.

१९८९ मध्ये या जिवाणूचे हेलिकोबॅक्टर पायलोरी असे नामकरण झाले. तो युरिएज या विकराच्या साहाय्याने युरियाचे विघटन करतो. त्यातून निर्माण होणारा अमोनिया सभोवतालचे आम्ल निष्प्रभ करतो. श्वासाची निदानचाचणीही याच क्रियेवर आधारलेली आहे. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश निश्चित कर्ककारकांत केला. वॉरेन आणि मार्शल यांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुसंख्य बाधितांना कोणताही त्रास होत नाही. भारतात संसर्गाचे प्रमाण मोठे असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो. संशोधकांमध्ये हे ‘भारतीय कोडे’ म्हणून परिचित आहे. वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन हे व्रणाचे दुसरे प्रमुख कारण होय. आम्लरोधक औषध आणि किमान दोन प्रतिजैविके असा उपचार प्रचलित असला, तरी मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जिवाणू भारतात मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने औषधांची निवड येथे विशेष जिकिरीची ठरते.