‘स्मोक ऑन द वॉटर’ची कुळकथा

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे एका आगीतून जन्मले. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या कॅसिनोत फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी फ्लेअर गन झाडली. छताने पेट घेतला आणि इमारत जळून खाक झाली. माँत्रो जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्या काही तरुणांना स्वतः बाहेर काढले, प्राणहानी टळली. डीप पर्पलचे ध्वनिमुद्रण याच कॅसिनोत व्हायचे होते. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर बँडने पाहिला. काही दिवसांनी बासवादक रॉजर ग्लोव्हर यांना झोपेतून जागे होताना गाण्याचे नाव सुचले.

चाल मात्र शब्दांच्या आधीची. ती पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात रात्री मुद्रित झाली. आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस दाराशी आले होते. ते आत येईपर्यंत मुद्रण उरकून घेण्यात आले. मुख्य सुरावट, म्हणजे रिफ, अगदी थोड्या स्वरांची आहे. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांनी ती षड्ज-मध्यम अंतराच्या जोडस्वरांत बांधली आणि पिकऐवजी बोटांनी दोन तारा एकदम छेडून वाजवली. तिचा ठसठशीतपणा याच छेडण्यात आहे. पिकने तारा एकामागून एक वाजल्या की ती लगेच बोथट होते. जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्प्लिफायरमधून खरखरीत होऊन त्याच स्वरांना जाडी देतो. उरलेला अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात पूर्ण झाला.

मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ हा अल्बम निघाला, तेव्हा सिंगलसाठी ‘नेव्हर बिफोर’ निवडले गेले. ‘स्मोक ऑन द वॉटर’चे मोल ओळखले ते मैफलींनी. ऑगस्ट १९७२ मधील जपान दौऱ्यातून ‘मेड इन जपान’ हा अल्बम तयार झाला. त्यातले हे गाणे १५ ऑगस्टच्या ओसाकातील मैफलीचे आहे. शेवटी गिटार आणि ऑर्गन यांचे सवाल-जवाब रंगतात; स्टुडिओतल्या मुद्रणात नसलेली ही मोकळीक गाण्याला फार शोभते. १९७३ मध्ये अमेरिकेत सिंगल निघाले, तेव्हा मागच्या बाजूला मैफलीतलेच रूप होते. हे सिंगल बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले.

पुढे गाणे बँडबाहेरही गेले. गायक इयन गिलन १९८३ मध्ये ब्लॅक सॅबथमध्ये असताना त्या बँडनेही ते मंचावर वाजवले. आर्मेनियातील १९८८ च्या भूकंपग्रस्तांसाठी अनेक रॉक कलावंतांनी एकत्र येऊन ते नव्याने मुद्रित केले; त्यात गिलन आणि ब्लॅकमोर दोघेही होते. डीप पर्पलच्या मैफलींत ब्लॅकमोर यांच्यानंतर स्टीव्ह मोर्स आणि २०२२ पासून सायमन मॅकब्राइड हीच रिफ वाजवत आले आहेत.