चौदा मजल्यांचा दाब

'पेट्रोल पंप' म्हटले की आपल्यासमोर रस्त्याकडेचा पंप उभा राहतो. गॅरेजमधला मिस्त्री मात्र 'फ्युएल पंप' म्हणतो तेव्हा त्याला मोटारसायकलच्या टाकीत बुडवलेला, विजेवर चालणारा छोटा पंप अभिप्रेत असतो. मीरा-भाईंदरच काय, कुठल्याही शहरातल्या गॅरेजात एखादी सेकंडहँड गाडी 'पिकअप घेत नाही' म्हणून आली की पहिला संशय बहुधा या पंपावर जातो. तो बदलायचा तर अनेक गाड्यांत काही हजार रुपयांचा खर्च येतो. घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या तरुणाची तर गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. तेव्हा पंप खरोखर बिघडला आहे का, हे आधी कळायला हवे. ते कसे कळते हे समजण्यासाठी हा पंप मोटारसायकलीत आला कसा, ते प्रथम पाहू.

पंपाशिवायचा काळ

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल इंजिनावर चालणारी दुचाकी बनवली. १८९३ मध्ये मायबाखने पेट्रोल फवाऱ्याच्या रूपात हवेत मिसळणारा कार्बुरेटर तयार केला. पुढे मोटारसायकलची रचना ठरूनच गेली: वर टाकी, खाली कार्बुरेटर, मध्ये रबरी नळी आणि कॉक. १९५५ नंतर मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली बुलेट घ्या किंवा १९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १०० घ्या, पेट्रोल खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण फुकट करीत असे.

हा दाब किती असतो? टाकी कार्बुरेटरपेक्षा ३० सेंटिमीटर उंच धरली आणि पेट्रोलची घनता दर घनसेंटिमीटरला ०.७४ ग्रॅम धरली, तर दाब येतो सुमारे २.२ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के. कार्बुरेटरला तेवढा पुरतो. त्यातला तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखतो आणि इंजिनाने ओढलेली हवाच पेट्रोल खेचून घेते.

गुरुत्वाकर्षणावर विसंबण्याची मर्यादा ठळकपणे दिसली ती विमानांत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनात असाच तरंगत्या गोळ्याचा कार्बुरेटर होता. विमानाने एकदम खाली सूर मारला की कार्बुरेटरमधले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन गुदमरे. जर्मन विमानांत पेट्रोल पंपाच्या दाबाने थेट इंजिनात फवारले जाई, त्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने पेट्रोलचा प्रवाह आटोक्यात ठेवणारी छोटी धातूची चकती बसवून यावर तात्पुरता इलाज केला. या बाई मोटारसायकलच्या शर्यतींतही भाग घेत. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण केली होती.

दाबाचे युग

पुढे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न आला. धूर कमी करायचा तर प्रत्येक स्फोटासाठी पेट्रोल अचूक मोजून द्यावे लागते. बॉश कंपनीने १९६७ मध्ये मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले. १९८० मध्ये कावासाकीने ते मोटारसायकलीत वापरले. भारतात २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली आणि २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर २२०. मात्र २००९ मध्ये याच पल्सरला पुन्हा कार्बुरेटर बसवून ती कमी किमतीत विकली गेली. नवे तंत्र चांगले असले तरी ते खिशाला परवडावे लागते. अखेर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत इंजेक्शन व त्याबरोबर हा पंप आला.

या पंपाला साधारणपणे ३०० किलोपास्कल दाब द्यावा लागतो. एवढा दाब केवळ उंचीने मिळवायचा तर टाकी सुमारे ४१ मीटर उंच, म्हणजे चौदाव्या मजल्यावर ठेवावी लागेल! मीरा रोडच्या इमारतींत राहणाऱ्यांना हा हिशेब परिचित आहे. गच्चीवरच्या टाकीतून सर्वांत वरच्या मजल्याला पाण्याची बारीक धार मिळते, तर खालच्या मजल्याला जोराची.

बदलण्यापूर्वी मोजा

इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. तो किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो, ते दाब ठरलेला आहे असे गृहीत धरून. बहुतेक मोटारसायकलींत हा दाब मोजणारे साधन नसते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे दाब निम्मा झाला तर पेट्रोल सुमारे ७० टक्केच मिळते. गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते.

म्हणून तपासणी पायरीपायरीने करावी लागते. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का? येत नसेल तर बॅटरी, फ्यूज, रिले आणि पंपाच्या जोडणीपाशी पोहोचणारा व्होल्टेज पाहावा. खाडीकाठच्या खारट, दमट हवेत जोडणीच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि निर्दोष पंप बदलला जातो. गुणगुण येत असली तरी दाब आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी नळीत प्रेशर गेज जोडून आकडा त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. तो कमी आला तरी दोष तुंबलेल्या जाळीचा किंवा रेग्युलेटरचा असू शकतो. ते निर्दोष ठरल्यावरच पंप बदलावा. त्या वेळी इंजिन थंड हवे, बॅटरी सोडवलेली हवी, नळीतला दाब आधी उतरवलेला हवा आणि आसपास ठिणगी नको. टाकी साफ करून रबरी सील नवे घालावे. वापरलेला पंप विकत घेताना मल्टीमीटर फक्त तारेचे वेटोळे शाबूत असल्याचे सांगतो. दाबाबद्दल तो काही सांगत नाही.

पंपाचे आयुष्य टाकीतल्या पेट्रोलवरही अवलंबून असते. पंपाला थंड ठेवण्याचे काम तेच करते, म्हणून नेहमी 'रिझर्व्ह'वर गाडी चालवणे त्याला मारक ठरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे झाले; २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा शोषते. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी गंजली की तो गंज पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

वर्गात यातला वर्गमुळाचा नियम पाण्यावर पडताळता येईल. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी छिद्र पाडा. पाण्याची पातळी आधी १० आणि मग २० सेंटिमीटर कायम राखून प्रत्येक वेळी १० सेकंदांत पडलेले पाणी मोजा. उंची दुप्पट झाली तरी पाणी दुप्पट न होता सुमारे १.४ पट भरेल. जुन्या मिस्त्रीला नळी काढून धार डोळ्यांनी पाहता येत असे. आजचा दाब डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या हेच काम करणार आहेत. 'आधी मोजा, मग बदला' ही सवय त्यांना वर्गातच लागली, तर एखाद्या गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये नक्की वाचतील, असे आम्हाला वाटते.