रे-ट्रेसिंगमधील पृष्ठगुणांच्या मांडणीचा इतिहास : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वास्तूंच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुन्या वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभारणे आता मराठवाड्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही शक्य झाले आहे. ब्लेंडरसारखी आज्ञावली त्यासाठी विनामूल्य मिळते. भिंती, खांब व शिखर यांची मापे अचूक असली म्हणजे प्रतिकृती खरी ठरते, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचे काय होते, हे ठरविणारे आकडेही निवडावे लागतात. परावर्तन, खडबडीतपणा, अपवर्तनांक हे असे पृष्ठगुण होत. ते चुकले, तर मापे बिनचूक असूनही प्रतिकृती इतिहासाविषयी खोटी साक्ष देते. या पृष्ठगुणांमागील संशोधनाचा इतिहास चार स्थानिक उदाहरणांच्या आधारे मांडणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. कंधारचे पाणी :
प्रकाशकिरणांचा माग घेऊन सावल्या काढण्याची पद्धत आर्थर अ‍ॅपेल यांनी १९६८ मध्ये मांडली. १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड यांनी तिला परावर्तित व अपवर्तित किरणांची जोड दिली आणि पाणी व काच पडद्यावर आणणे शक्य झाले. कंधारच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. वरून सरळ पाहिल्यास नितळ पाणी सुमारे २ टक्केच प्रकाश परावर्तित करते. नजर तिरपी होत जाईल तसे हे प्रमाण वाढते आणि तटाचे प्रतिबिंब दिसू लागते. हा फ्रेनेलचा नियम होय. सर्व कोनांना परावर्तनाचा एकच आकडा दिल्यास खंदकाचा आरसा होतो.

२. हजूर साहिबचे सोने :
चकाकीचे फाँग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र सोपे असल्याने सर्वत्र रूढ झाले. मात्र त्यात चकाकीला सामान्यतः दिव्याचाच रंग दिला जाई, त्यामुळे धातूही प्लॅस्टिकसारखा दिसे. धातूची चकाकी धातूचाच रंग घेऊन येते, हे कुक व टॉरन्स यांच्या १९८२ मधील प्रतिमानाने गणितात आणले. महाराजा रणजितसिंह यांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान उभारलेल्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दाखविताना पिवळा रंग पृष्ठाच्या मूळ रंगात न देता परावर्तनात द्यावा लागतो, तो यामुळेच.

३. होट्टलचा पाषाण :
देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणी चालुक्यकालीन मंदिरे आहेत. चालुक्य शैलीत मंडपाचे खांब घोटून गुळगुळीत केलेले आढळतात, तर बाह्य भिंतींनी शतकांचे ऊन-पाऊस सोसलेले असते. खडबडीत पृष्ठभागावरील प्रकाशाच्या विखुरण्याचे प्रतिमान ओरेन व नायर यांनी १९९४ मध्ये मांडले. संपूर्ण मंदिराला खांबाचीच चकाकी दिल्यास कारागिराने न केलेली घोटाई त्याच्या नावावर जमा होते. येथे सौंदर्यदृष्टीची चूक पुराव्याची चूक बनते.

४. खरोशाचा अंधार :
औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांत उजेड मुखातून शिरतो आणि जमिनीवरून, भिंतींवरून उसळत आतील शिल्पांपर्यंत पोहोचतो. व्हिटेड यांच्या पद्धतीत हा उसळलेला प्रकाश मोजला जात नसे. त्याऐवजी सर्वत्र एक ठरावीक उजेड मिसळला जाई. त्यामुळे लेण्याचा गाभा व दर्शनी भाग यांतील फरक पुसट होई. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये संपूर्ण प्रकाशव्यवहाराचे समीकरण मांडले. प्रश्न ते सोडविण्याचा होता.

या कार्यात मुंबईचा वाटा लक्षणीय आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सुमंत पटनायक व एस. पी. मुदूर यांनी प्रकाशाला कणांचा प्रवाह मानले. दिव्यातून निघालेला कण प्रत्येक पृष्ठावर शोषला जाईल की उसळेल, हे त्या पृष्ठाच्या गुणांनुसार संभाव्यतेने ठरते. १९९२ मध्ये ब्रिस्टल येथील परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. कोणत्या पृष्ठावरील प्रकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचा, याचा उलट दिशेने विचार करणारे त्यांचे लेखन १९९३ व १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्लेंडरमध्ये रे-ट्रेसिंग २००४ मध्ये आले. उसळलेल्या प्रकाशाचीही गणना करणारे ‘सायकल्स’ २०११ मध्ये, तर जुने प्रतिमा-यंत्र २०१९ मध्ये वगळले गेले.

निष्कर्ष :
१) पृष्ठगुणांचे आकडे ही सजावट नसून प्रकाशशास्त्रीय विधाने आहेत.
२) एकाच वास्तूच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे पृष्ठगुण देणे आवश्यक आहे.
३) प्रतिकृतीसोबत वापरलेले आकडे नोंदवावेत, प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेले कोणते व अनुमानाने घेतलेले कोणते, हे स्पष्ट करावे. झिजलेल्या शिल्पांबाबत हे अधिकच अगत्याचे आहे. कारण मूळ शिल्प आणखी झिजल्यावर पुढील अभ्यासकापुढे कदाचित ही प्रतिकृतीच साक्षीदार म्हणून उरेल.