चांद्याचें आभाळ आणि वणव्याचा धूर

फाल्गुन सरून चैत्र लागला, कीं चंद्रपुराकडील सूर्यास्ताला एक निराळाच रंग चढूं लागतो. आकाशांत ढग नसतो, तरी क्षितिजावर करडा पडदा ओढलेला असतो, आणि त्यामागें सूर्य तांब्याच्या ताटासारखा निस्तेज होऊन बुडतो. शहरवासी मनुष्य तिला उन्हाळ्याची धूळ म्हणतो. पुष्कळदां तो दूर, आलापल्ली-भामरागडकडे पेटलेल्या वणव्याचा धूर असतो.

पाचोळा जळतांना उडणारे कण बहुधा एका मायक्रॉनहूनहि लहान असतात. ते लवकर खालीं बसत नाहींत. सूर्यप्रकाशांतील निळा भाग ते विखरून टाकतात, आणि तांबडा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतो. १९ मे १७८० रोजीं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत भर दुपारीं दिवे लावावे लागले, व जगाचा अंत आला असें लोकांना वाटलें. पुढें कॅनडांतील झाडांच्या वार्षिक वर्तुळांत त्या काळच्या आगीच्या खुणा सांपडल्या, आणि तो अंधार दूरच्या अरण्याच्या धुराचा असावा, असें अनुमान निघालें. जून २०२३ मध्यें न्यूयॉर्कचें आकाश नारिंगी झालें, तेंहि कॅनडांतील वणव्यांमुळेंच.

आपल्याकडे हा धूर नवा नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं साग पानें गाळतो, आणि जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर सांचतो. मोहाखालचा पाचोळा जाळला, कीं पहांटे पडणारीं फुलें वेंचावयास सोपीं जातात. आग फिरली, कीं तेंदूला कोंवळीं पानें फुटतात. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेंत धान्य पेरण्याची माडियांची रीतहि जुनीच आहे.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. रेल्वेच्या स्लीपरांसाठीं सागाला मोल आलें, आणि आग ही रीत न राहतां गुन्हा ठरूं लागली. १८६४ सालीं ब्रँडिस यांच्या हाताखालीं वनखातें उभें राहिलें. त्याच दशकांत पिअरसन यांनीं सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत आगीपासून वन राखण्याचा प्रयोग यशस्वी केला. अशा कामीं जाळरेषा आंखतात. म्हणजे पट्ट्यांतील गवत आधींच जाळून मोकळी जागा ठेवतात. आगीनेंच आग अडवावयाची! १९२७ च्या कायद्यानें राखीव वनांत आग लावणें हा अपराध ठरलाच, शिवाय वनांत हक्क बजावणाऱ्या गांवकऱ्यानें आग विझविण्यास साह्य करावें, असेंहि बंधन आलें. वन सरकारचें, आणि धांवपळ गांवची! अशा आज्ञेनें वणवा कसा थांबावा?

१९६९ च्या कायद्यानें तेंदूपानांचा व्यापारहि महाराष्ट्र सरकारच्या हातीं गेला. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु वैनगंगा ओलांडतांना धूर कधीं जिल्हा विचारीत नाहीं. पालट झाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानें. २००९ सालीं मेंढा (लेखा) गांवाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यामागून इतर ग्रामसभांनाहि. जें बांबूचें वन आपलें, तें जळलें तर तोटाहि आपलाच, हें गांवाला कोणीं शिकवावें लागत नाहीं.

आतां शहराकडे वळूं. रात्रीं जमिनीलगतची हवा थंड होऊन तळाशीं बसते, आणि धूरहि तिच्यासवें अडकून राहतो. म्हणून सकाळीं घसा खवखवतो. आपल्या मानकाप्रमाणें २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची सरासरी एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आंत हवी. परंतु चंद्रपुरांत दगडी कोळशाच्या खाणी आहेत, महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. २००९ सालींच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें या शहराची गणना अतिप्रदूषित भागांत केली होती. वणवा चार महिन्यांचा, कोळसा बारा महिन्यांचा. तेव्हां सगळ्या धुराचें खापर रानांतल्या माणसाच्या माथीं फोडणें न्यायाचें नाहीं. तो धूर सर्वांआधीं मोहफुलें वेंचणाऱ्या बाईच्याच छातींत जातो.

पुढच्या चैत्रांत सूर्य तांबडा दिसला, तर घटकाभर थांबून पाहावें. त्या रंगांत सागाचा पाचोळा आहे, कोळसा आहे, आणि वन कोणाचें, या दीडशें वर्षांच्या वादाची राखहि आहे.