मोबाइल स्टार्टर : शिरूर-दौंड परिसर

मोबाइल स्टार्टर : शेतीपंपाची मोटर फोनवरून चालू-बंद करणारे उपकरण. विहिरीवर, बोअरवर किंवा नदीकाठच्या जॅकवेलवर जी नेहमीची स्टार्टरची पेटी असते, तिलाच हे जोडतात. आत सिमकार्ड असते. शेतकऱ्याने घरून किंवा परगावाहून त्या नंबरवर कॉल लावला की मोटर सुरू होते. लाइट आहे की गेली, मोटर खरोखर चालली की नाही, हेही उपकरण उलट कळवते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बागायती पट्ट्यात ते शेतीच्या रोजच्या सामानात मोडते. फोनला जोडून वापरायच्या वस्तूंनी बाजार भरलेला आहे. त्यांतली माणसाची झोप आणि कधी कधी जीवही वाचवणारी ही वस्तू आहे, म्हणून तिची स्वतंत्र नोंद हवी.

पार्श्वभूमी : दोन्ही तालुक्यांची शेती नद्या आणि कालव्यांवर उभी आहे. शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसले आहे. जुनी माणसे त्याला अजून घोडनदीच म्हणतात. चासकमानचा डावा कालवा शिरूरच्या रानांना पाणी देतो, चिंचणीजवळ घोड धरण आहे आणि तालुक्याच्या दक्षिण कडेने भीमा वाहते. दौंडला भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांचे पाणी मिळते, शिवाय खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा आहे. नदीवर जॅकवेल आणि रान दोन-तीन किलोमीटर आत, अशा पाइपलाइनी इथे नवलाच्या नाहीत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तरी विहीर सामाईक राहते. त्यामुळे मोटर एकीकडे, घर दुसरीकडे आणि ऊस तिसरीकडे, अशी अनेक कुटुंबांची स्थिती आहे.

यात विजेची पाळी येते. कृषिपंपांना तीन फेजचा पुरवठा महावितरण चक्राकार पद्धतीने करते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, साधारण आठ तास. रात्रीच्या आठवड्यात लाइट आली की बॅटरी आणि काठी घेऊन मोटरीवर जायचे, हिरवे बटण दाबायचे, पाणी कुठवर पोचले ते पाहायला रानात यायचे. मध्येच लाइट गेली की मोटर बंद पडते आणि पुन्हा तीच फेरी. घरातल्या कर्त्या माणसाची अशी रात्र गेली तरी सकाळी गोठा, दूध आणि डेअरी थांबत नाहीत.

आणि वाटेत बिबट्या असतो. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांच्या उसात बिबट्या केवळ येऊन-जाऊन नसतो, तर तिथेच पिल्ले घालून वाढतो. भीमाकाठच्या दौंड तालुक्यातही त्याचा वावर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला गेला आणि अखेर वन विभागाने नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घातली. शेतीला दिवसा वीज द्या, ही या भागातली मागणी त्याआधीपासूनची आहे. ती पुरी होईपर्यंत निदान मोटरीपर्यंतची पायपीट टळावी, यासाठी लोकांनी पदरचे पैसे घालून हे उपकरण बसवले.

रचना व कार्य : साध्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. हिरवे बटण दाबले की तिला वीज मिळते, ती काँटॅक्ट ओढून धरते आणि बटण सोडले तरी मोटर चालू राहते. लाल बटण दाबले किंवा लाइट गेली की कॉइल सुटते. मोबाइल स्टार्टर या दोन बटणांच्याच वायरींवर बसतो. त्यातली एक रिले हिरव्या बटणाचे काम करते, दुसरी लाल बटणाचे. पाच अश्वशक्तीची थेट चालणारी मोटर असो वा त्याहून मोठी स्टार-डेल्टावरची, तत्त्व हेच. म्हणून जुनी पेटी फेकून द्यावी लागत नाही आणि गावातला वायरमन थोड्या वेळात जोडणी करून देतो.

आदेश देण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. काही उपकरणे नुसत्या मिस्ड कॉलवर चालतात. काहींत कॉल उचलला गेल्यावर ठरलेले अंक दाबायचे असतात. काही एसएमएस वाचतात. नव्या उपकरणांना ॲप आणि मराठीत बोलणारा आवाज असतो. नोंदवलेल्या मोजक्या नंबरांखेरीज दुसऱ्या कोणाचा कॉल ती मानत नाहीत. सामाईक विहिरीवर हे फार कामाचे आहे, कारण पाळी कोणाची आणि मोटर कोणी लावली यावरून होणारी भांडणे या भागात जुनी आहेत.

खरी किंमत मात्र संरक्षणाची आहे. तीनपैकी एक फेज गेली तरी मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत चालत राहते आणि तिचे वाइंडिंग जळते. विहिरीचे पाणी तळाला गेले की मोटर कोरडी पळते, तिच्यावरचा भार उतरतो आणि अँपिअर घटतात. चांगले उपकरण या दोन्ही खुणा ओळखून मोटर बंद करते आणि मालकाला कळवते. एकदा मोटर भरायची म्हणजे दुकानाचे बिल तर असतेच, शिवाय बोअरची मोटर असेल तर ती वर काढून पुन्हा सोडण्याची मजुरी आणि तोवर वाळणारे पीक. उन्हाळ्यात हे दिवस परवडत नाहीत. काही उपकरणांत बॅटरी असते. केबल तोडली गेली किंवा लाइट गेली तर ती मालकाला फोन करतात. नदीकाठच्या केबली आणि मोटारी चोरीला जाण्याचे प्रकार पाहता हा भाग ज्यांच्या उपकरणात नाही त्यांनी तो जरूर घ्यावा.

इतिहास : या उपकरणाचा उगम पुण्यातच आहे. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची शेतावरच्या पंपापर्यंतची रोजची पायपीट पाहून लांबून पंप चालवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या ऑसियन ॲग्रो ऑटोमेशन या कंपनीचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण देशभर माहीत झाले. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’ स्पर्धेत त्याला उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटातले पहिले पारितोषिक मिळाले. सुरुवातीच्या काळात पेटीत चक्क एक साधा बटणांचा मोबाइल ठेवलेला असे. तो कॉल आपोआप उचलायचा आणि दाबलेल्या अंकाचा सूर ओळखून पुढची जोडणी मोटर चालवायची. पुढे त्या फोनच्या जागी सिम बसणारा छोटा मॉड्यूल आला आणि उपकरण सुटसुटीत झाले. बेंगळुरूच्या विनफिनेट कंपनीचा ‘किसान राजा’ हा याच वाटेवरचा दुसरा प्रयत्न. त्यानंतर लहानमोठ्या अनेक उत्पादकांनी ही उपकरणे बाजारात आणली.

उपकरण बिघडले की ते कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न प्रत्येक नव्या वस्तूपाशी उभा राहतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळला त्याचे एक चांगले उत्तर आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत तंत्र शिकवणे हा त्याचा पाया. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब ही कार्यशाळा उभी राहिली, आणि ती एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. वीजजोडणी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला गावचा मुलगा दहा किलोमीटरच्या आत असणे, हे कोणत्याही वॉरंटी कार्डापेक्षा मोलाचे आहे.

सिमकार्ड व रिचार्ज : पेटीतल्या सिमचे काम येणारा कॉल घेण्याचे. ते स्वतः क्वचितच बोलते. पूर्वी असे सिम फार थोड्या खर्चात वर्षानुवर्षे चालत असे. २०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन-आयडिया या कंपन्यांनी येणारे कॉल चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्ज लागू केले, ते तेव्हा ३५ रुपयांपासून होते. तेव्हापासून मोटरीच्या सिमचाही महिना धरावा लागतो. रिचार्ज संपला की मोटर ऐकत नाही, आणि हे नेमके रात्री लाइट आल्यावरच कळते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे स्वतंत्र रिचार्ज देणे बंधनकारक केले. मोटरीच्या सिमला इंटरनेट लागत नसेल तर असाच दीर्घ मुदतीचा रिचार्ज घ्यावा.

दुसरी अडचण जाळ्याची. जुनी उपकरणे २जी वर चालतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे २जी नाही, त्यामुळे तिचे सिम अशा पेटीत घालून उपयोग होत नाही. मोटरीपाशी कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते आधी स्वतःच्या फोनवर पाहून मगच २जी किंवा ४जी उपकरण निवडावे. गावात रेंज आहे म्हणून नदीच्या खोलगट काठावर ती असेलच असे नाही.

ऑटोची डोकेदुखी : मोबाइल स्टार्टर येण्याआधीपासून शेतकरी ऑटो स्विच वापरत आले आहेत. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. मोबाइल स्टार्टरमध्येही ही सोय असते आणि पुष्कळ जण ती कायम चालू ठेवतात. ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पाच अश्वशक्तीच्या दहा-बारा मोटारी आहेत असे धरू. सुरू होण्याच्या क्षणी थेट स्टार्टरवरची मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. लाइट येताच या सगळ्या एकाच वेळी सुटल्या की डीपीचे फ्यूज उडतात, व्होल्टेज पडते, आणि हे रोज घडले तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग दुसरा मिळेपर्यंत सगळ्या डीपीचे रान तहानलेले. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते ते यासाठी. ते योग्यच आहे. पण ऑटो पूर्ण सोडायचा नसेल तर उपकरणात मोटर सुरू होण्याची वेळ पुढे सरकवता येते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून कोणी दोन मिनिटे, कोणी चार मिनिटे असे ठरवून घेतले, तर पैसे न घालता डीपी वाचतो.

मर्यादा : उपकरणाची स्तुती करताना एक गोष्ट विसरली जाते. मोटर फोनवर सुरू झाली तरी पाणी फोनवर वळत नाही. पाटाने भिजणाऱ्या उसात दारे धरायला माणूस लागतोच. एक सरी भरली की बारे मोडून दुसरीकडे लावायचे, आणि तेही रात्रीच, कारण लाइट रात्रीची. बिबट्याचा धोका विहिरीच्या वाटेवर आहे त्याहून जास्त उसाच्या फडात आहे. ठिबक असलेल्या रानाची गोष्ट वेगळी : कॉक आधी फिरवून ठेवले की रात्री नुसती मोटर लावून चालते. म्हणून ज्याच्याकडे ठिबक आहे त्याला हे उपकरण पुरे फळ देते, पाटपाण्यावाल्याला अर्धेच. उरलेले अर्धे काम दिवसाच्या विजेचे आहे. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. सूर्यावरचा पंप रात्री चालत नाही, हा त्याचा दोष नसून शिरूर-दौंडपुरता मोठा गुण आहे.

आनुषंगिक संकेतस्थळे : जो फोन मोटर लावतो त्याच्यावर शेतीची इतर कामेही उरकतात. महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. ही सोय २०१८ पासून आहे आणि नव्या वीजजोडणीच्या अर्जाला तो लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू शकतो. महावितरणच्या ॲपवर बिल पाहता येते आणि वीज गेल्याची तक्रार देता येते. पावसाळ्यात धरणांतून सोडलेल्या विसर्गाचे आकडे जलसंपदा विभाग जाहीर करतो. खडकवासल्यातून पाणी सुटले की भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या मोटारी वर काढून घ्याव्या लागतात. त्या वेळी स्टार्टरची पेटीही काढावी, कारण पुरात बुडालेले उपकरण सहसा पुन्हा चालत नाही.

सुरक्षितता : मोटर बंद दिसते याचा अर्थ ती बंद राहील असा नाही. एक भाऊ विहिरीवर केबल जोडत असताना दुसऱ्याने घरून कॉल लावला, तर जीव जाऊ शकतो. ऑटोवर ठेवलेली मोटर तर कोणी कॉल न लावताही सुरू होते. म्हणून पेटीला, केबलला किंवा मोटरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, आणि ज्यांचे ज्यांचे नंबर उपकरणात नोंदवलेले आहेत त्या प्रत्येकाला फोन करून मोटरीवर काम चालू आहे हे सांगावे.