गिरणींतील स्त्री-कामगार

मुकुटबन हें यवतमाळ जिल्ह्यांतील, वणीच्या बाजूचें गांव. या मुलखांत कापूस वेचण्याचें काम मुख्यत्वें बायकाच करीत आल्या आहेत. वेचलेला कापूस सरकी काढण्यासाठीं जिनिंगच्या कारखान्यांत जातो, आणि तेथून गांठी बांधून गिरणीकडे रवाना होतो. शेत, जिन व गिरणी या तिन्ही ठिकाणीं त्याला स्त्रीचा हात लागत आलेला आहे. शहरांतील स्त्रियांच्या मजुरीचा इतिहास याच वाटेनें नीट उमगतो.

मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. नागपुरांत जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल उघडली. मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः रिळिंग व वाइंडिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर असत. त्यांच्यावर नायकिणीची देखरेख असे. १९२० नंतरच्या दशकांत तेथील गिरणीकामगारांत स्त्रियांचा हिस्सा सुमारें एक पंचमांश होता.

त्यांच्या रक्षणाचे कायदे हळूहळू झाले. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचें काम दिवसाला ११ तासांवर आणलें. १९११ च्या कायद्यानें त्यांची रात्रपाळी बंद केली. परंतु जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांस त्यांतून सूट ठेवली. म्हणजे शहरांतील गिरणकरणीला जें मिळालें, तें कापसाच्या मुलखांतील तिच्या बहिणीला मिळालें नाहीं! पुढें मुंबई कौन्सिलांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आलें. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ सालीं तें मंजूर झालें. मध्यप्रांतांतही १९३० सालीं तसा कायदा झाला.

हे कायदे न्याय्यच होते. मात्र बाळंतपणाच्या रजेचा काळ सोडला, तर स्त्रीला कामावरून कमी करूं नये, असें बंधन त्यांनीं मालकांवर घातलें नाहीं. रात्रपाळीस न चालणारी व भत्ता द्यावा लागणारी बाई मालकांस महाग वाटूं लागली. त्यांतच वेगवान यंत्रें व दुहेरी पाळ्या आल्या. वाइंडिंगच्या कामावर पुरुष बसले आणि स्त्रियांची संख्या घटत गेली.

नोकरभरतींत स्त्रीपुरुषभेद करण्यास १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यानें मनाई केली. तोंवर बहुतेक गिरणकरणी घरीं बसल्या होत्या, किंवा खाणावळ चालवून आणि घरकामें करून संसार ओढीत होत्या. कामावरील स्त्रीचें रक्षण करतांना तिचें कामही राखावें लागतें, हाच या इतिहासाचा धडा होय.